दुखणं थांबलंय, मग संधिवाताच्या गोळ्या बंद करायच्या का?

तुमचा प्रश्न असा आहे: आईंचं वय ५८, सहा वर्षं रुमॅटॉइडच्या म्हणजे आमवाताच्या गोळ्या चालू आहेत, गेलं वर्षभर सांधे दुखत नाहीत. नातेवाईक म्हणतात लिव्हर-किडनी खराब होईल, आईही कंटाळल्यात, तर आता गोळ्या बंद केल्या तर चालेल का?

मी डॉक्टर नाही. नाशिकला सिडकोत ब्लाउज शिवते आणि २०१३ पासून मला हाच आजार आहे. आई आज जे करू म्हणतायत ते मी २०१७ साली करून बसले, म्हणून जरा लांब लिहिते.

आपल्या मनाने, सगळ्या गोळ्या एकदम बंद करू नका. डोस कमी होऊ शकतो, एखादी गोळी सुटूही शकते. पण कुठली आधी, कुठली नंतर आणि किती हळू, हे आईंची फाइल समोर ठेवून त्यांच्या संधिवाताच्या डॉक्टरांनीच ठरवायचं असतं.

२०१७ मध्ये मला आठवड्याला १५ मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट (या आजाराचं मुख्य औषध), रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन (याच आजाराची दुसरी गोळी) आणि फॉलिक ॲसिड (एक जीवनसत्त्व) चालू होतं. हात इतके मोकळे होते की दिवाळीच्या गर्दीत दिवसाला अस्तराचे चार ब्लाउज होत होते. मला वाटलं, आजार गेला. एका गिऱ्हाईकबाईने लिव्हरची भीती घातली आणि मी घरात कुणाला न सांगता सगळं बंद केलं. पहिला दीड महिना काहीच झालं नाही. माणूस फसतो तो इथेच. मेथोट्रेक्सेटचा असर चढायला सहा ते बारा आठवडे लागतात, उतरतानाही तो एका दिवसात उतरत नाही. गोळी सोडून महिना झाला आणि काही दुखलं नाही, म्हणजे ती नकोच होती, असं होत नाही.

जानेवारीत एका सकाळी कापडावर कात्री धरली आणि अंगठा मिटेना. थंडी आहे म्हणून आठ दिवस काढले. मग मुठीच्या गाठी सुजल्या, सकाळी दीड-दीड तास बोटं वळायची नाहीत. लोकांच्या ब्लाउजला हूक लावणारी मी, माझे हूक मुलगी लावून द्यायची.

आणि त्याहून मोठी चूक मी यानंतर केली. डॉक्टर रागावतील म्हणून त्यांच्याकडे गेलेच नाही. ओळखीतल्या एकाने पुड्या आणून दिल्या, शुद्ध आयुर्वेदिक म्हणून. तिसऱ्या दिवशी सूज उतरली. पाच महिने घेतल्या. चेहरा गोल झाला, साखर वाढली, तरी मी खूश होते. मग पुड्या संपल्या आणि आणून देणारा फोन उचलेना. चौथ्या दिवशी ओट्यापाशी चक्कर येऊन पडले. उलट्या थांबेनात, बीपी खाली गेलेलं. दवाखान्यात पहिला प्रश्न हाच आला की कुठली पुडी-बिडी घेत होतात का. लक्षणं बघून डॉक्टरांनी सांगितलं, त्यात स्टेरॉइड, म्हणजे सूज झटपट दाबणारं औषध असणार. माझा राग आयुर्वेदावर नाही. ज्या पुडीवर औषधाचं नाव नाही, घटक नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, ती पुडी आईंच्या हाती पडू देऊ नका.

तिसऱ्या दिवशी उतरणाऱ्या सुजेची भुरळ काही आजची नाही, असं तेव्हा डॉक्टर म्हणाले. १९४८ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी या आजाराच्या एका बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं. जिला हलताही येत नव्हतं ती काही दिवसांत चालायला लागली. १९५० मध्ये त्या कामाला नोबेलही मिळालं. पुढे त्याचे दुष्परिणाम दिसायला लागले: हाडं ठिसूळ होणं, साखर, मोतीबिंदू, जंतुसंसर्ग. म्हणून आता डॉक्टर स्टेरॉइड शक्य तितकं थोडं आणि थोडे दिवस देतात.

आईंच्या चिठ्ठीत प्रेडनिसोलोन किंवा डिफ्लाझाकोर्ट ही स्टेरॉइडची गोळी असेल तर नीट ऐका. ही गोळी तीन-चार आठवड्यांहून जास्त चालू राहिली की मूत्रपिंडाच्या वर असणाऱ्या ग्रंथी शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतात. बाहेरचं एकदम थांबलं तर आतलं लगेच सुरू होत नाही. मग माझ्यासारखं होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. ही गोळी पायरी-पायरीनेच उतरवायची, शेवटच्या टप्प्यात तर एकेक मिलिग्रॅमने. मोतीबिंदूचं किंवा कुठलंही ऑपरेशन ठरलं तर ही गोळी चालू आहे किंवा अलीकडेपर्यंत होती, हे तिथल्या डॉक्टरांना आधी सांगायचं.

मेथोट्रेक्सेट अचानक सोडल्याने असं कोसळायला होत नाही, पण आजार पुन्हा उसळू शकतो. माझी उजव्या हाताची दोन बोटं त्या वर्षी वाकली ती वाकलीच. सूज औषधाने गेली, पण सांध्याची झालेली झीज भरून आली नाही.

मग कमी करायचंच नाही का? करायचं, पण रीतीने. आजार किमान सहा महिने पूर्ण शांत हवा, आणि शांत म्हणजे फक्त 'दुखत नाही' नव्हे. डॉक्टर एकेक सांधा दाबून बघतात, ईएसआर, सीआरपी या अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या बघतात. आधी स्टेरॉइड सुटतं, मग बाकीचं. ज्यांची अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आहे त्यांच्यात आजार परत येण्याचा धोका जास्त असतो. नॉर्वेतला एक अभ्यास २०२१ साली आला. त्यात किमान वर्षभर आजार शांत असलेल्या रुग्णांपैकी काहींचा डोस तसाच ठेवला, काहींचा निम्मा केला. पुढच्या वर्षभरात पूर्ण डोसवाल्यांत शंभरात सहा जणांचा आजार उसळला, निम्म्या डोसवाल्यांत शंभरात पंचवीस जणांचा. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. निम्म्या डोसवरही बऱ्याच जणांचं निभावलं, पण धोका चौपट झाला. आणि इथे गोळी निम्मी केली होती, बंद नव्हती केली.

माझं २०२२ मध्ये असंच कमी केलं. १५ वरून साडेबारा, तीन महिन्यांनी १०. साडेसातवर आल्यावर पाचव्या आठवड्यात सकाळी बोटं आखडायला लागली. यावेळी लाजले नाही, त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन केला. पुन्हा १० वर गेले आणि तिथेच स्थिर आहे. पाच मिलिग्रॅम कमी झाले, मला तेवढे पुष्कळ आहेत.

आता लिव्हरचं. नातेवाईकांची भीती खोटी नाही, पण तिच्यावर उपाय गोळी फेकणं हा नाही, रक्त तपासणं हा आहे. सीबीसी (रक्तपेशींसाठी), एसजीपीटी (लिव्हरसाठी), क्रिएटिनिन (किडनीसाठी): सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांनी, पुढे साधारण तीन महिन्यांनी. लिव्हरवर ताण आला तर तो बहुतेक वेळा या कागदावर आधी दिसतो आणि डॉक्टर डोस बदलतात. दारू टाळायची. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर डोळ्याच्या पडद्याची तपासणी सुरुवातीला आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी लागते. आईंना सहा वर्षं झालीत, झाली नसेल तर करून घ्या.

मेथोट्रेक्सेट सोडण्यापेक्षा चुकीचं घेण्यात जास्त धोका आहे, हे मला फार कळकळीने सांगायचंय. ही गोळी आठवड्यातून एकदाच. कुणी चुकून रोज घेतली तर रक्तपेशी घटतात, तोंड सोलवटतं, जीवही जातो. आमच्या घरी माझे मिस्टर कालनिर्णयवर रविवारच्या चौकटीत लाल पेनाने 'मे' लिहितात आणि गोळी घेतली की मी त्यावर फुली मारते. फॉलिक ॲसिड दुसऱ्या वारी, डॉक्टर सांगतील तसं. ही गोळी अडीच, पाच, साडेसात, दहा अशा वेगवेगळ्या पॉवरमध्ये मिळते. मेडिकलवाल्याने वेगळं पाकीट दिलं तर गोळ्या मोजू नका, मिलिग्रॅम मोजा. वार चुकला तर दोन दिवसांच्या आत घेता येते, त्यापुढे ती खेप सोडून द्यायची. दुप्पट कधीच नाही.

ताप, तोंडात फोड, कोरडा खोकला आणि धाप, डोळे पिवळे, यातलं काही दिसलं तर पुढची खेप न घेता डॉक्टरांना विचारा. मे महिन्यात जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलं तरी तसंच, कारण किडनीवाटे औषध बाहेर पडायचं कमी होतं आणि ते अंगात साठतं. लघवीच्या किंवा घशाच्या संसर्गाला कुणी को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं आवर्जून सांगा. ही दोन औषधं एकत्र आली की रक्तपेशी धोकादायक घटू शकतात. दुखण्याच्या गोळ्याही आपल्या मनाने नकोत.

पुढच्या भेटीला घरातल्या सगळ्या पट्ट्या, पुड्या, तेलं एका पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांना सरळ विचारा: यातलं काय कमी करता येईल, कधीपासून, आणि दुखायला लागलं तर कुणाला फोन करायचा? आईंना म्हणावं, कंटाळा येतो हेही तिथे बोला. मी बोलले नाही, म्हणून पुढचं सगळं झालं.

आणि मेथोट्रेक्सेटसमोर चिठ्ठीवर वार लिहिलाय का आणि आई तो पाळतायत का, तेवढं आज रात्रीच बघून घ्या.