चावी देताना तुला काय माहीत होतं?

प्रिय मुला,

‘मी कुणाला मारलं नाही, तिथे नव्हतोही, मित्राला बाइकची चावी दिली एवढंच,’ हे तू पत्रात पुन्हा पुन्हा लिहिलंस. पण चावी देताना तुला काय माहीत होतं, ते कुठेच नाही. अरे, सगळा खटला त्यावरच तर उभा राहतो!

तो कशासाठी निघालाय याची कल्पना नसताना बाइक दिली असशील, तर ती अपप्रेरणा, म्हणजे दुसऱ्याच्या गुन्ह्याला चिथावणी किंवा साथ देणं, नाही. पण ‘आज त्याचे हातपाय मोडतो’ हे ऐकूनही, त्याचं काम सोपं व्हावं म्हणून चावी पुढे केली असशील, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 45 तुला लागू होतं. चिथावणी देणं, कटात सामील होणं आणि जाणूनबुजून मदत करणं, तिन्ही त्यात येतात. त्यातून गुन्हा घडला आणि अशा अपप्रेरणेला वेगळी शिक्षा सांगितलेली नसेल, तर कलम 49 प्रमाणे मूळ गुन्ह्याचीच शिक्षा.

आणि तो निघताना तू ‘सोडू नकोस त्याला’ असा मेसेज केलास. रागाच्या भरात, परिणाम मनात नसताना निघालेले शब्द म्हणजे चिथावणी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये रमेश कुमार खटल्यात म्हटलं. तो खटला आत्महत्येचा होता. तुझ्या मेसेजला तो कितपत तारेल, हेही तुला तेव्हा काय माहीत होतं यावरच ठरेल.

‘तिथे नव्हतो’ यावरही फार विसंबू नकोस. 1923 साली कलकत्त्यात शंकरीटोला पोस्टात पोस्टमास्तरला गोळ्या घालून मारलं. त्यातला आरोपी बरेंद्रकुमार घोष, त्याचं म्हणणं, मी बाहेर अंगणात उभा होतो. 1925 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, ते मानलं नाही. सगळ्यांचा इरादा एक असेल, तर बाहेर थांबणाराही तितकाच दोषी. उलट, काहीच ठाऊक नसलेला माणूस शेजारी उभा असला तरी तेवढ्याने गुन्हेगार होत नाही. बघ, पुन्हा तोच प्रश्न.

‘साहेब, माहीत नव्हतं असंच सांगू ना?’ असं विचारणाऱ्या अशिलांना मी परत पाठवत आलो. लोक मला हेकट म्हणाले. म्हणोत. माझी खंत वेगळी आहे. तुझ्या वयाची पोरं माझ्यापर्यंत यायची ती चॅट पुसून, भलतासलता जबाब देऊन झाल्यावर. कधीकधी त्यांना सोडवू शकला असता असा मेसेजही त्याच चॅटमध्ये गेलेला असायचा.

आता तुझा मित्र म्हणतोय, बाइक चोरीला गेल्याची तक्रार दे. अजिबात नाही! गुन्हेगाराला वाचवायला पुरावा नाहीसा करणं किंवा खोटी माहिती देणं हा कलम 238 खाली वेगळा गुन्हा आहे, आणि तो सर्वस्वी तुझा असेल. मोबाइलमधलं काहीही पुसू नकोस. त्याच्या वकिलाकडे जाऊ नकोस, स्वतःचा वेगळा वकील कर, कारण त्याचं हित आणि तुझं हित आता एक राहिलेलं नाही. जे माहीत होतं ते मला लिहून कळवू नकोस, त्या वकिलाला समोर बसून सांग. आणि उद्याच जा, पोलिसांची नोटीस येईपर्यंत थांबू नकोस.