सॅटेलाइट वरच्या हवेतले गॅस अल्ट्राव्हायोलेटने कसे मोजतात?

तुमचे प्रश्न तीन आहेत, हवेला हात न लावता कुठला गॅस किती हे कसं कळतं, त्यासाठी अल्ट्राव्हायोलेटच का, आणि यानेच आपल्या मुंबईचं पोल्यूशन मोजता येईल का. मी इथे कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यामुळे जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मधला प्रश्न आधी घेतो, खरी मजा त्यातच आहे. 135 नॅनोमीटरच्या आसपासचा अल्ट्राव्हायोलेट जमिनीपर्यंत पोचतच नाही, ऑक्सिजन त्याला वरच गिळतो. म्हणजे खालून बघायला बिनकामाचा, पण वरून खाली बघणाऱ्या कॅमेऱ्याला तोच फायदा, कारण त्याला ना ढग दिसत ना समुद्र, खाली सगळं काळंकुट्ट, आणि त्यावर फक्त साधारण 150 किमी उंचीवरची हवा चमकताना दिसते.

चमकते कशी, तर सूर्याच्या जोरदार किरणांनी तिथले इलेक्ट्रॉन सुटतात, ते ज्याला आपटतात तो आपापल्या ठरलेल्या वेव्हलेंग्थला प्रकाश सोडतो. सुट्या ऑक्सिजन अणूची खूण 135.6 नॅनोमीटर, नायट्रोजनच्या रेणूचा तर पट्ट्यांचा अख्खा गठ्ठाच असतो. दोघांच्या उजेडाचं गुणोत्तर काढलं की कोण किती ते समजतं, आणि नायट्रोजनच्या पट्ट्या किती पसरल्यात त्यावरून टेंपरेचर. थर्मामीटर न लावता टेंपरेचर, हा भाग मला सगळ्यात आवडतो.

नासाचं गोल्ड नावाचं उपकरण हेच करतं. 2018 ला गेलं, तेही स्वतःच्या सॅटेलाइटने नाही, एसईएस-14 या कमर्शियल कम्युनिकेशन सॅटेलाइटवर भाडेकरू म्हणून. दिवसा अर्ध्या तासाला पृथ्वीचा अख्खा समोरचा चेहरा स्कॅन करतं, पण ते अमेरिका-अटलांटिकच्या बाजूला, भारत त्याला दिसत नाही.

बरं, सरळ सॅम्पलच का नाही आणत? बलून 40 किमीच्या आसपास थकतो, रॉकेट काही मिनिटांत वर जाऊन खाली, आणि सॅटेलाइट 150 किमीवर ठेवला तर हवेच्या घर्षणाने लगेच पडणार. तिथली हवा विरळ म्हणून तिला कमी समजू नका, फेब्रुवारी 2022 मध्ये सौर वादळाने वरची हवा तापून फुगली आणि नुकतेच सोडलेले 49 स्टारलिंक सॅटेलाइट, त्यातले बहुतेक गेले.

पोल्यूशनचं म्हणाल तर या वेव्हलेंग्थने नाही जमणार, तिला मुंबई दिसतच नाही. त्यासाठी 300 नॅनोमीटरच्या पुढचा, खालपर्यंत पोचून परत फिरणारा प्रकाश लागतो, ट्रोपोमी वगैरे उपकरणं तोच वापरतात.