आधी पोट उघड

तुझा मेल काल रात्री परत वाचला. जंत असलेल्या स्टिकलबॅक या छोट्या माशांचा कंडिशन फॅक्टर, म्हणजे लांबीच्या मानाने वजन, निरोगी माशांपेक्षा जास्त येतोय, म्हणून तू आठवडाभर स्टॅटिस्टिक्स उलटंपालटं करतेयस. अगं, आकडेमोड बरोबरच असेल, पण तू वजन कुणाचं केलंस? मासा आणि त्याच्या आत बसलेला शिस्टोसेफॅलस दोघांचं मिळून ना? हा टेपवर्म, म्हणजे चपटा पट्टकृमी, कधीकधी माशाच्या स्वतःच्या वजनाच्या बरोबरीला जातो. समज मासा 2 ग्रॅम भरला आणि आतून 0.7 ग्रॅमचा जंत निघाला, तर मासा 1.3 ग्रॅमचाच, बाकीचं वजन पाहुण्याचं. म्हणून सांगते, आधी पोट उघड, जंत वेगळा तोल, मगच सॉफ्टवेअर उघड.

हे मी इतकं ठासून का सांगतेय, तर तुझ्या वयात मी पोट न उघडता तीनेकशे मासे मोजले. फोटो काढले, आकार मोजायला त्यांवर लँडमार्क म्हणजे ठरावीक खुणेचे पॉइंट लावले, आणि पोटाचा भाग खाली सरकलेला दिसला की लिहून टाकलं, "शरीराचा आकार बदलला." त्यातल्या काही तर अंड्यांनी भरलेल्या माद्या होत्या, बाहेरून जंतवाला मासा आणि अंडीवाली मादी दोन्ही फुगलेलेच दिसतात! शिवाय टिकवण्यासाठी ठेवलेल्या फॉर्मलिनच्या द्रावणात वाकलेले मासे होते ते वेगळेच. दोन वर्षं गेली त्यात, आणि ते मासे परत मिळाले नाहीत.

आणि पोट फुगणं म्हणजे आकार बदलणं नव्हे गं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आतून दाब आला की पोट ताणलं जाणारच. पाठीकडचे, डोक्याचे, शेपटीच्या देठाचे पॉइंट हलतात का ते वेगळं बघ, पोटाचे पॉइंट काढून विश्लेषण पुन्हा चालव. तरीही फरक उरला तर लगेच खूश होऊ नकोस. जंत येतो तो कोपेपॉड, म्हणजे पाण्यातले बारीक कवचधारी जीव, खाल्ल्याने, आणि सडपातळ, उघड्या पाण्यात प्लँक्टन टिपणारे मासे ते जास्त खातात. मग जंतामुळे मासा तसा झाला, की तसा होता म्हणून जंत लागला? पकडून आणलेल्या माशांवरून हे कळत नाही, त्यासाठी लॅबमध्ये एकाच आईबापांची पिल्लं घेऊन निम्म्यांनाच जंत द्यावा लागतो. रोच या दुसऱ्या माशातला लिग्युला हा टेपवर्म तर जननग्रंथीच वाढू देत नाही, म्हणजे पोटातली जागा जंताने भरलीय की अंडी नाहीत म्हणून रिकामी राहिलीय, हेसुद्धा बाहेरून कळणार नाही. पोट उघड.

लोक म्हणायचे मी हळू काम करते, वर्षाला जेमतेम एक पेपर. करत असेन, पण त्या तीनेकशे माशांनंतरच्या माझ्या प्रत्येक माशाच्या नावापुढे जंताचं वजन लिहिलेलं आहे आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही, कुणी काही म्हणो.

तुझे उरलेले मासे फ्रीझरमध्येच आहेत ना? लेबलं तपास, कागदावर पेन्सिलने लिहिलेली असतील तरच भरवसा ठेव. दहा मासे काढ, मऊ पडायच्या आत उघड, जंत किती आणि प्रत्येकाचं वजन किती ते लिही, नर की मादी तेही. ग्राफ नको पाठवूस, त्या दहा माशांचे आकडे पाठव.