चर्चच्या पायऱ्यांवरचा धूप

प्रश्न : ग्वाटेमालातील चिचिकास्तेनांगो या डोंगराळ गावाच्या छायाचित्रात चर्चच्या पायऱ्यांवर धूप जाळणारी माणसे दिसली. ती ख्रिस्ती आहेत की माया धर्माची? शिवाय माया दिनदर्शिका २०१२ साली संपली म्हणतात. मग तिथे आज दिवस मोजतात तरी कसे? – एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : पायऱ्यांवर धूप जाळणारा माणूस थोड्याच वेळात आत जाऊन सेंट थॉमसपुढे मेणबत्ती लावतो, त्यामुळे ‘हे की ते’ अशी विभागणी त्याला लागू पडत नाही. सुमारे २,००० मीटर उंचीवरच्या या किचे नावाच्या माया समाजाच्या गावातील चर्च स्पॅनिशांनी १५४० च्या सुमारास जुन्या माया देवस्थानाच्या चौथऱ्यावरच उभारले. त्याच्या १८ पायऱ्यांचा संबंध माया सौर वर्षातील २० दिवसांच्या १८ महिन्यांशी जोडला जातो. गुरुवारी आणि रविवारी समोर बाजार भरतो, खालच्या पायऱ्यांवर फुलेवाल्या बसतात, आणि वरच्या बाजूला भोके पाडलेला पत्र्याचा डबा झुलवत कोपाल जाळला जातो. कोपाल म्हणजे बहुधा आपल्या गुग्गुळाच्याच कुळातील झाडांचा डिंक. आत फरशीवर मेणबत्त्या, पाकळ्या आणि मद्य ठेवतात ते पूर्वजांसाठी. त्या मृतांना वगळून तिथल्या कोणत्याही प्रार्थनेचा अर्थ लागणार नाही, असे मला वाटते.

२०१२ साली संपला तो दीर्घगणनेतील, म्हणजे माया लोकांच्या लांब पल्ल्याच्या दिवसमोजणीतील, एक मोठा कालखंड. दिनदर्शिका संपली नाही. गावातल्या विधींसाठी लागते ती २६० दिवसांची गणना : १३ अंक आणि २० दिवसनावे एकत्र फिरत राहतात, आणि प्रत्येक दिवसाला स्वतःचा स्वभाव असतो. कोणत्या दिवशी काय मागावे, हे ‘अहकीह’ म्हणजे दिवस राखणारे जाणकार सांगतात, जसे आपल्याकडे पंचांग पाहून मुहूर्त सांगतात. कौल घेताना ते त्सिते झाडाच्या लाल बिया मांडून मोजतात. हे झाड आपल्या पांगाऱ्याचे सख्खे भावंड आहे. किचे लोकांच्या ‘पोपोल वूह’ या पुराणग्रंथात देवांनी घडवलेला लाकडी पुरुष याच झाडाचा होता. तो निर्मात्यांना विसरला म्हणून नष्ट झाला, आणि पुढे मक्याच्या पिठापासून खरा माणूस घडला. हा ग्रंथ आज आपल्या हाती आहे, तो अठराव्या शतकाच्या आरंभी याच गावी फ्रान्सिस्को हिमेनेस या धर्मगुरूने किचे मजकूर उतरवून शेजारी स्पॅनिश भाषांतर लिहिले म्हणून.

सेंट थॉमसचा सण रोमन पंचांगात १९६९ साली ३ जुलैला हलवण्यात आला, तरी चिचिकास्तेनांगोत तो आजही २१ डिसेंबरलाच होतो. तिकडे जाण्याचा योग आला, तर समोरच्या पायऱ्या विधी करणाऱ्यांसाठी सोडून बाजूच्या दाराने आत जावे, आणि आत छायाचित्रे काढू नयेत.