भावना दुखत नाही, भावना देतात

नागपुरात दर रविवारी आठ-दहा जण एकाच्या घरी जमून तत्त्वज्ञान वाचतात. त्यांच्यातल्या एक ताई नवख्यांसाठी टिपण लिहीत आहेत. विषय अस्तित्ववाद (माणूस स्वतःला स्वतःच घडवतो असे मानणारा विचार), फेनॉमेनॉलॉजी (गोष्टी जाणिवेला दिसतात तशाच घेऊन विचार करण्याची पद्धत) आणि त्या वाटेने येणारा भावनांचा विचार. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. 'इमोशन'ला भावना म्हणावे की भाव? 'मूड'ला काय म्हणावे? आणि फेनॉमेनॉलॉजीला बरा मराठी शब्द आहे का?

ताई, मी पहिल्याच प्रश्नात अडकणार आहे, हे आधीच कबूल करून ठेवतो. कारण 'भावना' या शब्दाचे आपल्याकडे जे हाल चालले आहेत ते बघून माझा जीव वर-खाली होतो. उठल्यासुटल्या 'भावना दुखावल्या'. परवा सीताबर्डीवर पोह्याच्या ठेल्यावर एकाच्या प्लेटीत तर्री कमी पडली, तर त्याचा मित्र ठेलेवाल्याला म्हणतो, "टाक ना भाऊ अजून थोडी, त्याच्या भावना दुखावल्या ना!" तो तरी गमतीत बोलत होता. बाकीचे गंभीरपणे बोलतात. भावना म्हणजे जणू गुडघा. कोणी धक्का दिला की दुखते, आणि आपण नुसते 'आई गं' म्हणायचे. धार्मिक भावनांचे ते प्रसिद्ध २९५-अ कलम तेव्हाच्या दंडसंहितेत आले १९२७ साली, आणि जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरचा 'असणे आणि काळ' हा ग्रंथ निघाला तोही १९२७ सालीच. एकाच वर्षी भावना कोर्टातही गेली आणि तत्त्वज्ञानातही. आपण मात्र कोर्टातलीच तेवढी उचलली.

बाजारभाव, भाव खाणे, कुंडलीतले भाव, झालेच तर भावे प्रयोग, हे सगळे कोशात सापडेल. ते सोडतो आणि मूळ धातूकडे येतो.

भू म्हणजे होणे. त्याचे प्रयोजक रूप भावयति, म्हणजे होते करणे, व्हायला लावणे. त्या प्रयोजकाला पाणिनी 'ण्यासश्रन्थो युच्' (३.३.१०७) या सूत्राने प्रत्यय लावतो आणि 'भावना' तयार होते. म्हणजे भावना ही 'होणारी' गोष्ट नाही, ती 'करवलेली' गोष्ट आहे. तिच्या बहिणी बघा: रचना, योजना, कल्पना, प्रार्थना. सगळ्या करायच्या गोष्टी. कोणी म्हणते का, की मी बसलो होतो आणि अचानक मला योजना झाली? मग भावनाच तेवढी आपोआप होणारी कशी? यावर 'वेदना' पुढे करणारे लगेच भेटतात. त्यांना सांगावे, वेदनाही विद्‌ या जाणण्याच्या धातूवरून आली आहे. वेदयति म्हणजे जाणवून देणे. पाय मुरगळला ही बातमी वेदना देते.

आता माझ्या लाडक्या उताऱ्याकडे येतो. नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायात भरत नेमका हाच प्रश्न विचारतो: 'किं भवन्तीति भावाः किं वा भावयन्तीति भावाः'. होतात म्हणून भाव, की होते करतात म्हणून भाव? शब्दचर्चा करणाऱ्याला इतका नेमका प्रश्न विचारणारा ग्रंथकार मिळणे हे भाग्यच. भरताचे उत्तर दुसऱ्या बाजूचे आहे: भावयन्ति. आणि पुढे तो दाखला देतो तो घरगुती. भावित, वासित आणि कृत यांचा अर्थ एकच, आणि लोकांतही प्रसिद्ध आहे, 'अहो ह्यनेन गन्धेन रसेन वा सर्वमेव भावितमिति'. या वासाने, या रसाने सगळेच कसे भिजून गेले आहे!

रसाने भिजणे. हा अर्थ मेला असे समजू नका. नागपूरच्या महाल भागातल्या कोणत्याही जुन्या वैद्याकडे जाऊन बसा. आवळ्याचे चूर्ण खलात घेतात, त्यावर आवळ्याचाच रस ओततात, घोटतात, वाळवतात, पुन्हा रस, पुन्हा घोटणे. याला म्हणतात 'भावना देणे'. सात भावना, कधी एकवीस. चूर्ण दिसायला तेच राहते, पण तो रस कणाकणात मुरलेला असतो. वैद्याच्या तोंडी भावनेला क्रियापद आहे ते 'देणे'. दुखावणे नाही आणि अनावर होणेही नाही. माझे आजोबा वैद्य नव्हते, पण घरी दगडी खल होता आणि सुंठीला आल्याच्या रसाची भावना देण्याचे काम उन्हाळी सुटीत आम्हा पोरांकडे असे. पंचेचाळीस डिग्रीत चूर्ण वाळायला वेळ लागत नाही. हात मात्र भरून यायचा. भावना ही मेहनतीची गोष्ट आहे हे मला तेव्हाच कळले होते. पाणिनी नंतर भेटला.

आणि नागपूरकराला तर हे सांगायची गरजच पडू नये. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेनंतर या शहरात वस्तीवस्तीत विहारे आहेत, आणि तिथे 'मेत्ता भावना' हा शब्द लहान मुलांनाही ठाऊक आहे. पालीतली भावना म्हणजे मनात एखादी गोष्ट रुजवणे, वाढवणे, त्यासाठी बसून सराव करणे. मैत्रीची भावना तिथे येत नाही, ती करतात. तोच माणूस विहारातून बाहेर पडून पेपर उघडतो आणि 'भावना दुखावल्या' वाचतो. शब्द एकच, आणि दोन टोके.

माझ्या या मांडणीवर एका निवृत्त संस्कृत प्राध्यापकांनी मागे मला चांगलेच सुनावले होते. त्यांचे म्हणणे असे की भरत नटाबद्दल बोलतो आहे. भाव काव्यार्थ 'होता करतात' तो प्रेक्षकांसाठी, आणि घरात बसून चिडलेल्या माणसाशी त्याचा संबंध नाही. आक्षेप अर्धा खरा आहे. भरताची एकोणपन्नास भावांची मोजणी (आठ स्थायी, तेहेतीस व्यभिचारी म्हणजे येऊन-जाऊन असणारे, आठ सात्त्विक म्हणजे घाम-कंपासारखे अंगावर दिसणारे) रंगभूमीसाठीच आहे. पण मग 'लोकेऽपि च प्रसिद्धम्' हे शब्द सरांनी वाचलेच नाहीत काय? शब्दाचा अर्थ ठरवताना स्वतः भरत रंगमंच सोडून बाजारात जातो, आणि सर बाजार सोडून रंगमंचावर जाऊन बसतात. दुसरा आक्षेप, की व्युत्पत्ती म्हणजे काही पुरावा नव्हे. मान्य. पण जो अर्थ वैद्याच्या खलात आणि विहारात आजही जिवंत आहे, त्याला नुसती व्युत्पत्ती म्हणून उडवून लावता येत नाही.

आता तुमच्या टिपणाकडे. युरोपातल्या शब्दांची गंमत अशी की ते बहुतेक सोसण्याचे आहेत. 'पॅशन' लॅटिनमधल्या सोसण्याच्या धातूवरून आला, ग्रीक 'पॅथॉस'ही तसाच. 'इमोशन' म्हणजे हलवून बाहेर काढणे. म्हणून तिकडे फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रला १९३९ साली भावनांवर एक छोटे पुस्तक लिहून सांगावे लागले, की बाबांनो, भावना ही तुमच्यावर कोसळत नाही, ती तुम्ही जगाशी वागण्याची एक तऱ्हा आहे. जग अवघड होते, सरळ वाट सापडत नाही, तेव्हा आपण जगच जादूने बदलू पाहतो. जंगली जनावर समोर आले आणि माणूस बेशुद्ध पडला. जनावर काही गेले नाही, पण त्याने जाणीवच विझवून धोका पुसून टाकला. त्याचा दुसरा दाखला तर आपल्या घरचाच वाटेल: द्राक्षे हाताला लागत नाहीत, तेव्हा ती आंबटच आहेत असे ठरवणे. आपण ही कोल्ह्याची थट्टा म्हणून सोडून देतो. सार्त्र म्हणतो, कोल्ह्याने द्राक्षांना आंबटपणाची भावना दिली. (शब्द माझे आहेत. पण त्याला खल दाखवला असता तर त्याने नाही म्हटले नसते.) इकडच्या कोल्ह्याला ती संत्री लागत असतील, एवढाच फरक.

नवख्यांना हे शिकवायला पॅरिसला जायचे कारण नाही, मराठी व्याकरण पुरते. 'मला राग आला', 'मला रडू आले', 'मले भेव वाटते': यात मी चतुर्थीत, पाहुणा आला आणि मी दार उघडले. पण 'मी चिडलो', 'मी रुसलो', 'मी राग धरला' यात मी कर्ता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८८४ साली 'इमोशन म्हणजे काय' असे विचारून सांगितले, की आपण रडतो म्हणून दुःखी असतो, थरथरतो म्हणून घाबरलेले असतो. तो 'मला रडू आले' या वाक्यात राहणारा माणूस. सार्त्र राहतो 'मी रुसलो' या वाक्यात. आणि रुसणे म्हणजे काय हे आपल्याला कोणी सांगायला नको. रिकाम्या घरात कोणी रुसत नाही. समजूत काढणारे माणूस ऐकण्याच्या अंतरावर आहे ना, हे बघून मगच रुसतात, आणि ते माणूस उठून गेले तर रुसवाही हळूच उठतो. लग्नात रुसलेला जावई आठवा. त्याला रुसवा 'झाला' होता असे म्हणणारा मला एक तरी वऱ्हाडी दाखवा.

अमेरिकेत रॉबर्ट सॉलोमन या तत्त्वज्ञाने १९७६ च्या 'द पॅशन्स' मध्ये हेच पुढे नेले. भावना म्हणजे निवाडे आहेत, आणि आपले निवाडे म्हणून त्यांची जबाबदारी आपली. टेक्सासमध्ये बसून त्याला पुस्तकभर जे पटवून द्यावे लागले ते भावनेच्या प्रत्ययातच आहे असे म्हणण्याचा मोह मला होतो. तो मी आवरत नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर: इमोशनला 'भावना'च लिहा. 'भाव' भक्तीला आणि भाजीला लागतो, त्याला आणखी ओझे नको. 'भावावेग' नको, कारण त्यात पुन्हा तो धक्का आला. आणि 'मनोविकार' तर नकोच, त्याने वाचणारा डॉक्टरकडे जाईल.

मूड. इथे मात्र विभक्तीच कामाला लावा. राग कोणावर? भीती कशाची? कीव कोणाची? भावनेला असे काहीतरी लागतेच. फेनॉमेनॉलॉजीचा पाया घालणाऱ्या हुसर्लच्या शाळेत याला जाणिवेचे 'कशाचे तरी असणे' म्हणतात, आणि ते तेवढेच आहे, घाबरू नका. आता 'उदास वाटते' घ्या. कशाचे? कशाचे नाही, नुसतेच. मूडला विभक्ती नाही. भीतीला 'कशाची' असते आणि आंग्स्ट नावाच्या धास्तीला नसते, हा हायडेगरचा भेद आहे, आणि डेन्मार्कच्या कीर्केगार्डने तो १८४४ मध्येच मांडून ठेवला होता. (आंग्स्ट मुळात अरुंदपणाचा शब्द. ऋग्वेदातला 'अंहस्' त्याचा सख्खा नातलग. म्हणून 'चिंता' लिहू नका, चिंता मुलीच्या लग्नाची असते. 'कोंडमारा' लिहा, भिंतीसकट अर्थ येतो.) हायडेगरचा मूडसाठीचा जर्मन शब्द आहे 'श्टिमुंग', आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ वाद्य सुरात लावणे. मग आपल्याकडे 'सूर' असताना मनोवस्था, मनःस्थिती, चित्तवृत्ती असले सरकारी शब्द कशाला शोधायचे? 'आज सूर लागत नाही', 'त्याचा सूर वेगळाच दिसतो'. सूर लागला की सगळी मैफल त्यात येते, एकटी तार नव्हे. हायडेगरला हेच म्हणायचे आहे: मूड डोक्यात नसतो, सगळे जगच त्या सुरात दिसते. फार जड वाटले तर 'मूड' लिहा. इकडे पानठेल्यावरही 'मूड नाही ना बावा' असेच म्हणतात.

फेनॉमेनॉलॉजी राहिली. मुळातले ग्रीक क्रियापद फायनेस्थाय म्हणजे दिसू लागणे, प्रकाशात येणे. त्याचा धातू आपला 'भा', जो भाति, प्रभा, प्रतिभा आणि भास यांत आहे. खरा प्रतिशब्द 'भासशास्त्र' व्हायला हवा होता, पण मराठीत भास म्हणजे नसलेले दिसणे, आणि हुसर्लचा आग्रह नेमका दिसते तसे घेण्याचा. सगळा उलटा कारभार होईल. म्हणून फेनॉमेनॉलॉजीच राहू द्या. इथे हायडेगरशी मात्र माझे भांडण आहे. १९३५ च्या व्याख्यानांत तो म्हणतो की ग्रीकमधले 'फ्यु' आणि 'फा' हे दोन धातू एकच गोष्ट सांगतात. म्हणजे उगवणे आणि दिसणे एकच, आपल्या हिशेबाने भू आणि भा एकच. वाचायला सुंदर आहे, पण भाषाशास्त्राला ते मान्य नाही. आमच्या धातुपाठात, म्हणजे धातूंच्या यादीत, असण्याचा 'भू सत्तायाम्' वेगळा आणि चमकण्याचा 'भा दीप्तौ' वेगळा. व्युत्पत्ती आवडली म्हणून खरी होत नसते. मी माझ्या आवडीच्या उताऱ्याला निदान खल आणि विहार असे दोन साक्षीदार आणले, त्याने एकही आणला नाही.

अस्तित्वाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी एक ओळ. 'अस्ति' या चालू क्रियापदालाच 'त्व' लावून ते नाम झाले आहे, आणि पाणिनी म्हणतो 'अस्तेर्भूः' (२.४.५२), म्हणजे पुष्कळ रूपांत अस् मागे सरतो आणि त्याच्या जागी भू येतो. संस्कृतात 'असणे'ला स्वतःचा भविष्यकाळ नाही. अस्ति म्हणा, पण उद्याचे बोलायचे तर 'भविष्यति' म्हणावे लागते. मराठीतही 'आहे' उद्यापर्यंत पोचत नाही, तिथे 'असेल' किंवा 'होईल'. सार्त्रच्या १९४५ च्या व्याख्यानातले 'अस्तित्व आधी, सार नंतर' (माणूस आधी असतो, आणि काय व्हायचे ते पुढे ठरवतो) हे वाक्य नवख्यांच्या गळी उतरत नसेल, तर त्यांच्याकडून आधी 'आहे'चा भविष्यकाळ करून घ्या.

आणि रविवारी खल हवा असेल तर कळवा. दगडी आहे, दोघे जण पाठवा.