छोट्या शहरात मल्टिमीडियाचं सोलो प्रदर्शन भरवलं तर लोक येतात का? 'ओळख' असला विषय पोचतो का?

तुम्ही लिहिलंय की व्हिडिओ, आवाज, कापड असं सगळं घेऊन स्वतःत झालेल्या बदलावर पहिलं सोलो करायचंय आणि घरचे म्हणतायत पुण्या-मुंबईत कर, इथं कोण बघणार. मी मिरजेची, माझं पहिलं सोलो सांगलीत एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये केलं, पाच दिवस, त्यामुळे अनुभवानं सांगते. येतात. विषय पण पोचतो, फक्त 'आयडेंटिटी' हा शब्द घेऊन समजावत बसू नका.

माझा विषय होता नाव. लग्नात आईचं नाव बदललं, ताटात तांदूळ पसरून वडिलांनी अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि झालं. मी कॉलेजला असताना तिचा शाळेचा दाखला सापडला तर मला वाटलं दुसऱ्याच कुणाचा तरी आपल्या कपाटात आलाय. तिथून सगळं सुरू झालं.

आणि नाव बदलायची गोष्ट आपल्या भागात काय नवी आहे का. मिरजेतले सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारं घडवणारे, 19व्या शतकात ते काम कमी झालं तसे तंतुवाद्यांकडे वळले आणि पुढं आडनावच सतारमेकर पडलं (2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, फार आनंद झाला होता). नारायण श्रीपाद राजहंस म्हटलं तर किती जणांना कळेल, बालगंधर्व म्हणा, लगेच. पण यातलं काहीच मी भिंतीवर लिहून लावलं नाही. एका सतारीच्या कारागिराकडं बसून आवाज रेकॉर्ड केला, भोपळा घासतानाचा आणि मग जवारी काढताना, म्हणजे तार टेकते ती घोडी घासताना, बद्द वाजणारी तार हळूहळू मोकळी होत जाते तो, तेवढाच हॉलभर ठेवला. दोन व्हिडिओंचे आवाज एका हॉलमध्ये सोडू नका, एकमेकांना खातात, दुसऱ्याला हेडफोन द्या.

तयारी म्हणून पुष्पमाला एन. या कलाकार बाईंचे फोटो बघा, रविवर्म्याच्या चित्रातल्या बाईसारखं स्वतः नटून काढून घेतलेले, आणि जमलं तर सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या म्युझियममध्ये जाऊन खरा रविवर्मा समोर उभं राहून बघा, डोक्यात बराच उजेड पडतो.

खर्चाचं म्हणाल तर गॅलरीपेक्षा अंधार महाग पडतो. दिवसा खिडक्या असल्या की भाड्याचा प्रोजेक्टर फिका दिसतो, मी मांडववाल्याकडून काळे पडदे आणले, डबल लावले. व्हिडिओ चार मिनिटांच्या आत ठेवा आणि समोर खुर्च्या ठेवा, खुर्ची असली की माणूस थांबतो, विशेषतः वयस्कर.

आता मुख्य काम. मधोमध स्टुलावर पितळी ताट, त्यात तांदूळ, वर कॅमेरा, आणि ताटात जे लिहाल ते मागं आईच्या पांढऱ्या साडीवर पुरुषभर मोठं दिसायचं. पाटीवर एवढंच, 'माहेरचं नाव लिहा'. पहिल्या दिवशी कॉलेजची पोरं आली, फोटो काढून गेली. दुसऱ्या दिवशी खाली साखरपुडा होता, जेवण झाल्यावर एक आजी नातीला घेऊन वर आल्या. बराच वेळ ताटाजवळ नुसत्या उभ्या. मग बोटातली अंगठी काढली, बोटानं नाही, अंगठीनंच, आणि तीन अक्षरं लिहिली, शेवटचं जरा ताटाच्या कडेला गेलं. नात साडीकडं बघून म्हणाली, आजी, ही कोण?

"मीच की."

पुढच्यासाठी ताट हलवून नाव पुसायचं असतं. त्यांना ते हलवायला होईना, मलाही त्यांना सांगवेना, तोवर मागं लाइन लागलेली. शेवटी नातीनं हळूच हलवलं. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास त्या आजी परत आल्या, बरोबर गल्लीतल्या पाच बायका, आणि कुणालाही पाटी वाचून दाखवावी लागली नाही.