डझन आणि बारा : दूरची भावंडं

प्रश्न असा आलाय की डझन हा शब्द मूळचा कुठला, आणि बारा असताना हा वेगळा शब्द लागतोच कशाला.

आपल्याकडे तो इंग्रजीतून आला, हे तर सगळ्यांना माहीत आहे. पण इंग्रजांचाही तो स्वतःचा नाही, त्यांनी तो साधारण 1300 च्या सुमारास फ्रेंचमधून उचलला. फ्रेंचमध्ये बाराला दूझ म्हणतात, त्याला एन हा प्रत्यय लावला की दूझेन, म्हणजे बारांचा गट. आपण दशला क लावून दशक करतो ना, अगदी तसंच. आता हे दूझ आलं लॅटिन दुओदेकिम वरून, दुओ म्हणजे दोन आणि देकेम म्हणजे दहा. आणि संस्कृतात काय? द्वादश! द्वा आणि दश. लॅटिन आणि संस्कृत एकाच मूळ भाषेच्या लेकी, त्यामुळे हे दोन्ही शब्द सख्ख्या बहिणींची मुलंच म्हणा.

मग द्वादशचं बारा कसं झालं? प्राकृतात द्व चा ब झाला, म्हणून तर पाढ्यात आपण बे एके बे म्हणतो, आणि बावीस, बेचाळीस, बावन्न सगळीकडे तोच ब. पुढच्या द चा र झाला, अकरा, तेरा, सतरा, अठरा बघा, सगळ्यांच्या शेवटी तोच रा आहे. श चा आधी ह झाला आणि मग तोही गेला, राहिलं बारा. म्हणजे एक डझन केळी घेऊन बारा मोजून बघता तेव्हा एकच जुना शब्द दोन वाटांनी येऊन तुमच्या पिशवीत पडतो, मला तर हे दरवेळी भारी वाटतं.

इंग्रजीतला ट्वेल्व्ह मात्र वेगळ्या पद्धतीने बनला, त्याचा अर्थ दोन उरले, म्हणजे दहा मोजून झाल्यावर. इलेव्हन म्हणजे एक उरला.

आता गरजेचं. बारा हा आकडा, डझन हा नग मोजायचा गठ्ठा, जशी वीस नगांची कोडी किंवा शंभराचा शेकडा. बाराचे अर्धे, पाव, तिसरा हिस्सा सगळे पूर्ण आकड्यात येतात, म्हणून आंबेवाल्याकडे पाव डझन मागितले की तीन आंबे बिनतक्रार मिळतात, दहाच्या गठ्ठ्यात पाव मागून बघा! आणि डझनभर माणसं आली म्हटलं की कुणी मोजत बसत नाही, दहा-पंधरा असं काहीतरी समजायचं. फ्रेंच लोकही दूझेन असंच अंदाजाने वापरतात.